थुंकी न लावता शंभर

गड्डीकाकांनी मोजलेला कागद पुन्हा मोजायचा नाही, असा त्या बाइंडिंगच्या दुकानात अलिखित कायदाच होता. शंभराची गड्डी म्हणजे शंभर. नव्याण्णव नाही, एकशे एक नाही. डाव्या हाताने गड्डीचा कोपरा असा काही मुरडायचा की कागद पंख्यासारखे उलगडत, आणि मग उजव्या अंगठ्याने पाच-पाचचे घास घेत सरसर पुढे. वीस घास झाले की गड्डी टेबलावर आपटून सरळ करायची आणि बाजूला सारायची. अडतीस वर्षं हा माणूस हेच करत होता. गड्डीकाका हे नाव त्यांना इतकं चिकटलं होतं की खरं नाव हवं असलं तर मालकीणबाईंना हजेरीची वही उघडावी लागे.

आता या कसबाचं गुपित सांगायला जरा संकोच वाटतो, पण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. थुंकी! दर दोन घासांनी अंगठा जिभेला लागायचा. काकांना विचारलं तर ते अगदी शास्त्र सांगितल्यासारखं सांगत, "पाण्याने कागद चिकटतात, पावडरीने सटकतात. जीभ बरोबर लागेल तेवढंच ओलं देते. देवाने उगाच नाही दिली." अंगठा त्यांचा कायम लालसर. रुग्णालयाच्या रजिस्टरांच्या कडांना लाल रंग लावायची पद्धत होती, आणि तो रंग साबणाला दाद देत नसे.

त्याच दुकानात, समोरच्या टेबलावर, फर्मे दुमडायला एक मुलगी होती. फर्मा म्हणजे छापलेला मोठा कागद, तो दुमडून पुस्तकाची पानं होतात. ती स्टीलच्या वाटीत ओला स्पंज ठेवायची आणि त्याला बोट लावून काम करायची. पहिल्या आठवड्यात ती काकांशी एकच वाक्य बोलली, "शी! तुम्ही मोजलेल्या कागदाला मी हातसुद्धा लावणार नाही." आणि तरी तीन वर्षांनी त्या दोघांचं लग्न झालं. आता बोला!

लग्नानंतर पंचवीस वर्षांनी काकूंच्या दोन्ही किडन्यांनी हात टेकले. तेव्हा काकूंच्या धाकट्या बहिणीने स्वतःची एक दिली, अगदी साडी द्यावी तशी सहज, "घे गं, मला एक पुरते" म्हणत. तेव्हापासून घरात त्या किडनीचं नाव धाकटी. "धाकटी काय म्हणते?" असं काका रोज विचारणार, आणि काकू "झोपलीय गपचूप" म्हणणार. सकाळच्या चार, संध्याकाळच्या तीन, सात दिवसांच्या एकोणपन्नास गोळ्या काका दर रविवारी पाकिटासकट कात्रीने कापून डबीच्या खणांत भरून ठेवत. डॉक्टरांनी निक्षून सांगितलं होतं की या गोळ्या शरीराला नव्या किडनीशी भांडू देत नाहीत, म्हणजेच ते कुणाशीच धड भांडू शकत नाही. साध्या सर्दीलासुद्धा जपायचं.

आणि मग साथ आली. साधी सर्दी राहिली बाजूला!

काकांना वाटलं होतं आपण घरी बसू. पण सगळीकडे टाळेबंदी झाली आणि यांचं दुकान तेवढं चालू राहिलं, कारण रुग्णालयाला रजिस्टरं हवी होती, केसपेपरचे गठ्ठे हवे होते, आणि ते रोज जास्त जास्त हवे होते. दुकानात चौघंच जण यायचे. मालकीणबाई वयाने काकांच्या मुलीसारख्या, पण शिस्तीला वडिलांच्या वरचढ. त्यांनी भिंतीवर नियम लावले. मास्क काढायचा नाही. खिडक्या बंद करायच्या नाहीत. येताना-जाताना हात साबणाने धुवायचे. आणि चौथा, "कागद मोजताना जीभ लावायची नाही."

"हा चौथा माझ्या एकट्यासाठीच आहे की," काका म्हणाले.

"काका, वरच्या तिन्ही नियमांचीही तुम्हाला सूट नाहीये," मालकीणबाई म्हणाल्या.

घरीही फाळणी झाली. दोन खोल्यांचं घर. बाहेरची खोली आणि मागच्या अंगणातलं मोरी-संडास काकांचं, आतली खोली आणि स्वयंपाकघर काकूंचं. आतल्या खोलीला लागून न्हाणीघर होतं, तेही काकूंचं. काका आले की अंगणातच कपडे साबणाच्या बादलीत टाकत, अंघोळ करत, मास्क धुऊन दोरीवर वाळत घालत, आणि मगच घरात शिरत. मास्क काकूंनीच शिवले होते, पांढऱ्या सुती कापडाचे, तीन पदरी. मधलं दार हातभर उघडं असे. दाराशी एक स्टूल होतं, त्यावर काकू ताट ठेवून मागे सरत, मग काका पुढे येऊन उचलत. जेवण झालं की काकू आपली खुर्ची दाराच्या आत दोन हातांवर ओढून बसत, काका बाहेरच्या खिडकीपाशी. दोघांच्या तोंडाला मास्क. तासभर गप्पा चालत. काका म्हणत, "लग्नाआधीसुद्धा आपण इतक्या लांबून बोललो नव्हतो."

पहिल्याच दिवशी काकूंनी त्या स्टुलावर एक वस्तू ठेवली होती. स्टीलची जुनी वाटी, तिच्यात कापून बसवलेला नवा स्पंज.

"जपून ठेवली होतीस?" काका म्हणाले.

"कधीतरी तुमची जीभ दमेल असं वाटलं होतं. अहो, माझ्यासाठी नका करू. धाकटीसाठी करा. ती बिचारी परक्या घरी आलीय."

काकांनी वाटी नेली. टेबलावर डाव्या हाताला ठेवली. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा अंगठा अडखळायला लागला. कधी कागद जास्त भिजे, दोनाचा एक होई. कधी अंगठा कोरडा पडे आणि घास सुटे. अर्ध्यावर आल्यावर मोजणी विसरायला होई. शंभराच्या गड्डीला पूर्वीच्या तिप्पट वेळ लागायला लागला. तरी त्यांनी दोन आठवडे नेटाने रेटलं. कोणी बघत नसतानाही जीभ लावली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगितलंच पाहिजे.

मग तो दिवस आला. रुग्णालयाचा कारकून माल न्यायला आला होता. त्याला सगळे रजिस्टरबाबू म्हणत. भला माणूस, पण डोळ्यांत तेल घालून तपासणारा. त्याने केसपेपरची एक गड्डी सहज उचलली आणि मोजली.

"काका, अठ्ठ्याण्णव भरतात हो."

काकांनी गड्डी घेतली, मोजली. अठ्ठ्याण्णव. मालकीणबाई घाईघाईने म्हणाल्या, "अहो, दोन कागदांचं काय घेऊन बसलात, हे घ्या चार जास्तीचे." बाबूही म्हणाला, "चालायचंच काका, दिवसच असे आहेत." पण त्याने पुढची गड्डी उचलली आणि तीही मोजली. मग तिसरी. अडतीस वर्षांत काकांच्या टेबलावर असं कोणी केलं नव्हतं. काका उठून मागच्या गोदामात गेले आणि कागदांच्या रिमांकडे तोंड करून उभे राहिले. माणसाच्या डोळ्यांत पाणी यायला फार मोठं कारण लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मास्कची खालची कड अंगठ्याने वर उचलली, जीभ लावली, कड सोडून दिली. इतकं झटकन की शेजारी बसलेल्यालाही कळू नये. गड्डी मोजली. शंभर. पुन्हा मोजली. शंभर! आहाहा! घरी जाताना ते कितीतरी दिवसांनी गुणगुणत गेले.

संध्याकाळी काकूंनी विचारलं. त्या रोजच विचारत, हसत हसत, "काय हो, आज जिभेला सुट्टी होती ना?"

"होती," काका म्हणाले.

एवढंसं खोटं. त्यांनी स्वतःची समजूत घातली की माझेच कागद, माझीच जीभ, मोजणीआधी हात धुतो, घरी येऊन सगळे सोपस्कार करतो, मग बिघडलं कुठे? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तर सवयीने हात आपोआप गेला. वाटीतला स्पंज वाळून कडक झाला.

त्याच आठवड्यात घरी एक बदल झाला. काकूंची खुर्ची हलली. दारापासून दोन हातांवर असायची ती पार मागे, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गेली. खिडकी सताड उघडी. मधलं दार हातभराऐवजी चार बोटं उरलं.

"काय गं, इतकी लांब?"

"गुडघा दुखतोय. इथे वारा बरा लागतो."

गप्पा तासभराच्या दहा मिनिटांवर आल्या, कारण इतक्या लांबून ओरडून बोलायचं किती? काका मनातून फुरंगटले. आपण दिवसभर राबून यायचं, कपडे धुवायचे, परक्यासारखं स्टुलावरून ताट उचलायचं, आणि हिला वाऱ्याचं कौतुक! दोन-तीन संध्याकाळी ते मुद्दाम भिंतीकडे तोंड करून जेवले. जेवताना मनात म्हणत होते की बघू किती दिवस चालतं हिचं. काकूंनी तेही चालवून घेतलं.

पुढच्या पंधरवड्यात एका सोमवारी रजिस्टरबाबू आला. आता तो गड्ड्या मोजत नव्हता, नुसता काकांची मोजणी बघत समोर उभा होता. "जमलं बुवा तुम्हाला पुन्हा," तो कौतुकाने म्हणाला, आणि खोकला. "धूळ फार आहे हो कागदाची." त्याने मास्क हनुवटीवर घेतला, डोळे पुसले, पुन्हा खोकला. टेबलाच्या या बाजूला काकांचा मास्क अंगठ्यावर उचललेला होता. रजिस्टरबाबू पाऊण तास तसाच समोर होता.

गुरुवारी सकाळी मालकीणबाईंना फोन आला. रजिस्टरबाबूला साथीचा आजार निघाला होता. सोमवारपासूनच अंग मोडून आलं होतं म्हणे.

काका बोटांवर दिवस मोजायला लागले. सोमवार, मंगळवार, बुधवार. तीन संध्याकाळी ते घरी गेले होते. ताटं उचलली होती. मोकळी ताटं परत ठेवली होती. रविवारी कमी पडलेल्या गोळ्यांची पाकिटं मंगळवारी आली, तीही त्यांनीच कापून डबीत भरली होती आणि ती डबी स्टुलावर ठेवली होती.

आता या जागी एक गोष्ट सोपी होती. गप्प बसणं. मास्क तर सगळ्यांनीच घातला होता, काकांनीही घातला होता. कोणी विचारलंही नसतं. पण काका उठले, मालकीणबाईंच्या टेबलापासून लांब उभे राहिले आणि म्हणाले, "ताई, मी जीभ लावत होतो. बाबू समोर असतानासुद्धा. सगळ्यांना घरी पाठवा, तपासण्या करा. माझ्याजवळ कोणी येऊ नका."

मालकीणबाईंनी कपाळाला हात लावला. रागाने त्यांचा चेहरा लाल झाला होता, बोलल्या मात्र हळू. "काका, अहो दोन कागद कमी भरले असते तर काय आभाळ कोसळणार होतं का हो?"

काका मागच्या गोदामाकडे गेले.

त्यांनी घरी फोन लावला. दुपारची वेळ, काकूंच्या हातात बहुतेक काहीतरी निवडणं होतं, ताटलीचा आवाज येत होता.

"अगं, ऐक. मी घरी येत नाहीये. बाबूला तो आजार निघालाय. आणि मी..." त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "मी तुझ्याशी खोटं बोललो गं. जिभेला सुट्टी नव्हती. पंधरा दिवस नव्हती. ती डबी फेकून दे. मी हात लावलेलं काही खाऊ नकोस. धाकटीला काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?"

ताटलीचा आवाज थांबला.

"मला माहीत होतं," काकू म्हणाल्या.

"काय माहीत होतं?"

"जिभेचं. अहो, स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमची दोरी दिसते. मास्क वाळत असतो. खालच्या कडेला लाल डाग. पहिल्या दिवशी वाटलं, असेल कुठेतरी लागलेला. मग रोज तिथेच, अंगठ्याएवढाच. त्या लाल रंगात मी नऊ वर्षं काम केलंय, विसरलात का?"

काका गोदामाच्या पायरीवर बसले.

"म्हणून खुर्ची मागे नेलीस?"

"गुडघ्याला काय धाड भरलीय माझ्या! डॉक्टरांनी सांगितलं होतं ना, लांब बसा, खिडकी उघडी ठेवा, मास्क ठेवा. तेच केलं. तुमची डबी दोन-दोन दिवस बाजूला ठेवून देत होते, जुन्या पाकिटातल्या गोळ्या घेत होते. ताट साबणाच्या पाण्यात बुडवल्याशिवाय हातात घेत नव्हते."

"मग बोलली का नाहीस? झापायचंस मला!"

"रोज विचारत तर होते. रोज संध्याकाळी एकदा विचारत होते. तुम्ही 'होती' म्हणालात. डाग दाखवून तुम्हाला खोटं पाडायचं, ते काही माझ्याच्याने होईना. आणि त्या अठ्ठ्याण्णवच्या संध्याकाळी तुम्ही घरात मुकेपणाने वावरलात. आणि दुसऱ्या दिवशी गुणगुणत आलात. मला डागही दिसत होता आणि गुणगुणणंही ऐकू येत होतं. काय करायचं, तेच कळेना. म्हणून खुर्ची हलवली. चुकलंच माझं, बोलायला हवं होतं."

"तुझं कसलं चुकलं," असं काही काका म्हणाले असावेत, पण ते रडत होते, त्यामुळे काकूंना नीट कळलं नाही.

काकांचा अहवाल आला. आजार होता. दुकानातले बाकीचे सुटले, खिडक्या उघड्या होत्या म्हणून. आरोग्य केंद्राच्या नर्सबाईंनी घरातल्या परिस्थितीची चौकशी केली आणि काकांना दुकानामागच्या गोदामात वेगळं राहायची परवानगी दिली. मालकीणबाई दोन वेळा दारात डबा ठेवून जात आणि लांबून ओरडून ताप विचारत. पाच दिवस ताप होता. ताटात काय आहे ते कळत नव्हतं, सगळं पुठ्ठ्यासारखं लागायचं. जिभेने पुरता सूड घेतला, असं काका नंतर म्हणत. पण तेव्हा त्यांचं स्वतःच्या तापाकडे लक्षच नव्हतं. काकूंची तपासणी झाली होती आणि तिचा अहवाल यायचा होता.

ते दोन दिवस काकांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. गोदामात कागदाच्या रिमा होत्या, त्या त्यांनी मोजल्या. पुन्हा मोजल्या. दर वेळी वेगळा आकडा यायला लागला. दर दोन तासांनी फोन. "ताप नाही ना? घसा? धाकटी काय म्हणते?"

"झोपलीय. तुम्हीही झोपा जरा."

तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा फोन आला. नुसतंच "नाही निघाला हो" म्हणाल्या. नर्सबाईंनी सांगितलं म्हणून पाच दिवसांनी पुन्हा तपासलं. तेव्हाही नाही. नर्सबाईंनी सगळी हकिगत ऐकून घेतली होती. त्या म्हणाल्या की चार बोटं दार आणि ती उघडी खिडकी, यांनी तारलं तुम्हाला. काकांनी ते वाक्य जन्मभर सांभाळून ठेवलं.

रजिस्टरबाबूही वाचला. महिन्याभराने आला तेव्हा पट्ट्याला दोन नवी भोकं पाडलेली होती, आणि मास्क डोळ्यांपर्यंत ओढलेला.

सतरा दिवसांनी काका घरी गेले. अंगणात कपडे बादलीत टाकले, अंघोळ केली, मास्क धुतला आणि दोरीवर घातला. पांढरा स्वच्छ. मुद्दाम खिडकीसमोर घातला. रविवार होता. बाहेरच्या खोलीत स्टुलावर गोळ्यांची पाकिटं, कात्री आणि रिकामी डबी ठेवलेली होती. शेजारी काकांनी आपली पिशवी उघडली, वाटी काढली, स्पंजवर चमचाभर पाणी घातलं. गोळ्यांना काही ओलं बोट लागत नाही, पण वाटी त्यांना समोर हवी होती.

ते खाली बसले आणि मोठ्याने मोजत पाकिटं कापायला लागले. दुकानात ते कधी मोठ्याने मोजत नसत, ओठसुद्धा हलत नसत. आता प्रत्येक खण भरला की आकडा म्हणायचे. ताप गेला तरी अशक्तपणा अजून होता. शेवटचा खण भरला.

"अठ्ठेचाळीस," ते म्हणाले, आणि कात्री खाली ठेवली. एकोणपन्नास हव्या होत्या.

आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मधलं दार चार बोटांवरून हातभर उघडलं. दाराच्या आत, दोन हातांवर, काकूंची खुर्ची होती. तोंडाला मास्क लावून त्या तीत बसल्या होत्या.

"असू दे," त्या म्हणाल्या. "पुन्हा मोजा. मी बसलेय इथे."

काकांनी सगळे खण रिकामे केले आणि एकपासून सुरुवात केली.